अण्णांना बारा, मला बावन्न

साठपैकी बावन्न. दहावीला गणितात एवढ्या टक्क्यांच्या जवळपास जरी पोचलो असतो तर वडिलांनी गल्लीत पेढे वाटले असते. गेल्या रविवारी मात्र हे गुण मला माझ्याच ओसरीत, माझ्याच घरचा चुरमुऱ्यांचा सुशीला चमच्यानं खात बसलेल्या मंडळींसमोर पडले, आणि आतून बायको म्हणाली, "मी म्हणतच होते."

झालं एवढंच. बायकोच्या मैत्रिणीची मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करते. प्रकल्पाचा विषय : माणूस इंटरनेटवर शोधाशोध करण्याच्या किती आहारी गेलाय ते मोजणे. तिच्याकडे बारा वाक्यं होती. "कधीच नाही" म्हटलं की १, "नेहमी" म्हटलं की ५. लिकर्ट नावाच्या अमेरिकन माणसानं १९३२ साली ही पट्टी काढली, आणि तेव्हापासून भाजी कशी झाली इथपासून जगणं कसं चाललंय इथपर्यंत सगळ्याला तीच लावतात. पोरगी गुणाची. "काका, इमानदारीनं सांगा," म्हणाली. मी सांगणारच होतो. पण ओसरीत अण्णा होते.

अण्णा म्हणजे आमचे शेजारी, वडिलांचे मित्र. वय ७४, साधा बटणांचा फोन, आणि मी अठ्ठेचाळीस वर्षांचा मराठीचा शिक्षक असूनही त्यांच्या लेखी बाळू.

पोरीनं पहिलं वाक्य वाचलं, "एखादी गोष्ट आठवली नाही तर मी आठवण्याचा प्रयत्न न करता लगेच शोध घेतो."

"लिही पाच," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मला विचारलंय."

"तुला काय इचारायचं? तू आठवत बसलास तर लेकराची परीक्षा होऊन जाईल."

पोरीनं पाच लिहिलं. शाईच्या पेनानं.

"शोध घेता न आल्यास मला बेचैनीचा अनुभव येतो."

"अय माय! हे तर मी डोळ्यानं बघितलंय. परवा लाईट गेली, रेंज गेली, तर हा गच्चीवर फोन धरून, हात वर करून उभा. मला वाटलं पतंग उडवायलाय."

"तुमच्यासाठीच उभा होतो! जायकवाडी किती भरलं, हे तुम्हीच विचारलं होतं."

"मी निस्तं इचारलं. गच्चीवर जा म्हणलो का?"

पाच.

"शोधण्याच्या नादात माझी हातातली कामं मागे पडतात."

"गुरुवारी दूध उतू गेलतं ना रे?"

गेलं होतं. कारण दूध गॅसवर असताना अण्णांचा फोन आला होता, त्यांचे जावई तपोवननं येत होते आणि गाडी कुठवर आली ते बघायचं होतं. मी बघितलं, सांगितलं, मागे वळलो तर ओटा पांढरा. हे सगळं मी पोरीला समजावून सांगितलं. तिनं मान डोलावून ऐकलं आणि कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं, शिक्षकाला येतंच. "प्रतिसादक समर्थन करतो."

पुढची नऊ वाक्यं याच चालीनं गेली. मी एका ठिकाणी दोन मागितले, तीनवर तडजोड झाली. मोंढ्यात सोयाबीनचा भाव पाडून मागावा तसं.

मग अण्णा म्हणाले, "माझं बी घे." बाराच्या बारा वाक्यांना "कधीच नाही". एकूण बारा. पोरगी एकदम खुलली. "आजोबा, तुमच्यावर इंटरनेटचा काहीच परिणाम नाही!" अण्णांनी बाजेवर मांडी बदलली, आणि मुक्तीसंग्रामात एकट्यानं रझाकार पिटाळल्यासारखा चेहरा करून माझ्याकडे बघितलं. लढा १९४८ सालचा, अण्णांचा जन्म त्याच्या नंतरचा, तरी चेहरा तोच.

या पट्टीवर बाराच्या खाली जाताच येत नाही, हे मी तिथंच बोललो. अण्णांच्या बैलालाही बाराच पडले असते. कुणी हसलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या आठवड्यात मी जे जे शोधलं त्यातलं निम्म्याहून जास्त अण्णांचं होतं. येलदरीचं पाणी. तुरीचा भाव. सातबारा. एकादशी आज की उद्या. म्हैस रवंथ का करत नाही. गुडघ्यातून कट् असा आवाज येतो तो वयाचा की वाताचा. वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८५ साली मांडलंय की दोन माणसं बरीच वर्षं जवळ राहिली की आठवणी वाटून घेतात. काय आठवायचं यापेक्षा ते कोणाला ठाऊक आहे, एवढंच ध्यानात ठेवलं तरी भागतं. अण्णांनी तेच केलंय. त्यांना फक्त माझा नंबर पाठ आहे. त्यांचं गूगल मी, आणि आहारी गेलेलाही मीच!

याच वेग्नरनं पुढं २०११ साली दोघींबरोबर एक प्रयोग छापला. लोकांना वाक्यं टाइप करायला दिली. निम्म्यांना सांगितलं हे कॉम्प्युटरात राहणार आहे, निम्म्यांना सांगितलं पुसलं जाईल. राहणार म्हणून समजलेल्यांना वाक्यं कमी आठवली. त्यात एक वाक्य असं होतं की शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. ते मला मात्र चांगलं आठवतं, ज्याचा परभणीत कुणालाही उपयोग नाही. त्याच लेखातला दुसरा एक प्रयोग २०१८ साली इतरांनी करून बघितला तेव्हा तसा निकाल आला नाही, हेही मी पोरीला सांगितलं. तिनं कडेला आणखी एक ओळ लिहिली.

आणि गंमत म्हणजे इंटरनेटच्या व्यसनाची पहिली लक्षणं एका न्यूयॉर्कच्या डॉक्टरनं १९९५ साली चक्क थट्टा म्हणून लिहिली होती. बोटं आपोआप टाइप केल्यासारखी हलतात, असलं काहीतरी. तर लोकांनी "मलाही हेच होतंय" म्हणून त्याला पत्रं पाठवली. अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या २०१३ च्या जाडजूड ग्रंथात इंटरनेटवरच्या खेळांचा उल्लेख आहे, तोही "अधिक अभ्यास हवा" या यादीत. शोधण्याचं नाव आजार म्हणून तिथं नाही. ते फक्त माझ्या ओसरीत लागलं.

बरं, खोटं कशाला बोलू. बावन्नातले थोडे माझे आहेत. मागच्या महिन्यात नववीच्या वर्गात मुकुंदराज सांगत होतो. अंबाजोगाई इथून काय लांब आहे! वीस वर्षं शिकवतोय. विवेकसिंधूचा शक सांगायची वेळ आली आणि माझा हात खिशात गेला. शके १११०. तीन एक आणि एक शून्य, याहून सोपा आकडा देवानं घडवलेला नाही. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, रेंज नाय इथं." वर्ग हसला. मीही हसलो. घरी येईपर्यंत ते हसू काही उतरलं नाही घशाखाली.

पण सवय लावली कोणी? शाळेची माहिती लिंकवर, तीही रात्री दहाला येते आणि सकाळी दहाच्या आत भरायची. विमा ऑनलाइन, पिकाची नोंद ॲपवर, आईच्या पेन्शनचा हयातीचा दाखला ऑनलाइन. ती बाजूला बसून जप करते आणि ती जिवंत आहे की नाही ते मी फोनमध्ये बघतो. कचेरीत जावं तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणतो, "नेटवर बघा ना." बारा वाक्यांत "मी शोधल्याशिवाय राहू शकत नाही" असं एक वाक्य होतं. "मला शोधल्याशिवाय राहू देतात" असं एकही नव्हतं. मी तेरावं वाक्य म्हणून ते सुचवलं. पोरगी म्हणाली, "काका, गाइड ऐकणार नाहीत." ते मला पटलं.

ती गेली. सुशीला संपला. मी फोन कपाटात ठेवून दिला, कुलूप नाही लावलं.

रात्री साडेनऊला कपाटात फोन वाजला. अण्णा.

"बाळू, मोंढ्यातली मंडळी आलेत बसायला. त्या पोरीनं तुला आकडा किती दिलता रे? मला काही ध्यानात राहिना."

"बावन्न," मी म्हणालो.

"कितीपैकी?"