दिवंगताच्या कपड्यांची वाकळ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मोबाइलांवर सध्या एक संदेश फिरत आहे. जोडीदार गेल्यावर त्याचे सगळे कपडे तेराव्याच्या आत घराबाहेर काढावेत, नाहीतर त्याचा जीव घरात घुटमळतो आणि कपड्यांतले रोगजंतू मागे राहिलेल्यांना बाधतात. त्या कपड्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणे हे परदेशी खूळ असून त्यापायी बाई दुःखातून कधीच बाहेर पडत नाही. आणि विधवेच्या हातची वाकळ बाळंतिणीच्या खोलीत नेऊ नये, असे त्यात ठासून सांगितले आहे. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेलही, परंतु संदेश तपासून पाहण्याजोगा आहे.

जीव घुटमळण्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. कपडे दान करण्याची रीतही चांगलीच आहे. आक्षेप आहे तो मुदतीला. तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेले असते, कपाट रिकामे करणारे हात बहुधा दुसऱ्यांचेच असतात, आणि जिचा नवरा गेला तिला कोणी विचारत नाही. एकदा देऊन टाकलेला सदरा नंतर परत मागता येत नाही.

जंतूंचा मुद्दा लवकर निकालात निघतो. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, धुतलेल्या धोतरातून नव्हे. खरजेचा किडा अंगापासून वेगळा झाला की साधारणपणे दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलेल्या कपड्याला भिण्याचे कारण नाही.

खरी दिशाभूल पुढे आहे. ‘मानसशास्त्र सांगते’ असे म्हणून संदेशात दुःखाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत आणि शेवटची पायरी म्हणजे विसरणे, असे सुचवले आहे. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ज्या पायऱ्या मांडल्या, त्या मरणाच्या दारातील रुग्णांशी झालेल्या बोलण्यावरून, मागे राहिलेल्या जोडीदारांवरून नव्हे. आणि त्यांतली शेवटची स्वीकाराची आहे, विस्मरणाची नाही. पुढे १९९९ मध्ये शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी मांडले की शोकातला माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत असतो, तर कधी पुढच्या व्यवहारात, आणि हे येणे-जाणेच स्वाभाविक आहे. वाकळ शिवताना नेमके हेच घडते. सदऱ्याची कॉलर आणि बटणपट्टी उसवताना हात थबकतो, खिशावरचा शाईचा डाग दिसतो, डोळे भरून येतात. पण लगेच टेरीकॉटच्या पँटीला सुई जड जाते म्हणून तिचे ठिगळ कडेला घ्यावे की टाळावे, धोतराचे थर आत किती घालावेत, जुने लुगडे पाठीला पुरेल का, हे ठरवावे लागते. धावदोऱ्याची एक ओळ संपली की दुसरी समोर असते. शेजारीण दुसऱ्या टोकाला बसून टाके घालू लागली, की महिनोन्‌महिने न झालेले बोलणे आपसूक होते. यात रुतणे कोठे आले, ते मला तरी दिसत नाही.

अर्थात वाकळ हा उपचार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या रोगवर्गीकरणात प्रदीर्घ शोकाच्या विकाराची नोंद आहे. सहा महिने उलटूनही दुःखाची तीव्रता ओसरत नसेल आणि रोजचे जगणेच ठप्प झाले असेल, तर डॉक्टरांकडे जावे. हे पुरुषांनाही लागू आहे. बायको गेलेल्या माणसाचा संदेशात उल्लेखच नाही, जणू तिची लुगडी त्याच्या ट्रंकेत नसतातच.

परदेशी खूळ म्हणावे, तर अमेरिकेत १९८७ मध्ये एड्सने गेलेल्यांच्या आप्तांनी तीन फूट बाय सहा फुटांचे तुकडे शिवून मोठी स्मृती-गोधडी सुरू केली, हे खरे. पण जुन्या कपड्यांची वाकळ आपल्याकडे घरोघरी होती, कन्नड शेजारणी तिलाच कौदी म्हणतात, आणि खानापूरच्या जंगलपट्टीतल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कडेकडेने आत शिवत जाऊन कोपऱ्यांवर घडीची फुले लावतात. त्यांना हे कोणा परदेशी पाहुण्याने शिकवलेले नाही.

राहिला विधवेच्या हातचा प्रश्न. सीमेपलीकडच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींना तेच अनुसरण्यास परिपत्रकाने सांगितले. ते परिपत्रक कर्नाटकात लागू नाही. परंतु सोयरिकी दोन्ही बाजूंना आहेत, तेव्हा एका गावात सोडलेली समजूत शेजारच्या गावात संदेशातून पसरवण्याचे प्रयोजन समजत नाही. बाळाचे दुपटे जुन्या कापडाचे करतात ते धुऊन धुऊन मऊ झालेले असते म्हणून. आजोबांच्या धोतराइतके मऊ कापड घरात दुसरे सहसा सापडत नाही, आणि ते शिवायला आजीइतका सरावलेला हातही.