अकरावी प्रत

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला तो आतेभावामुळे. पुण्यातल्या एका गॅलरीत फोटोची किंमत दीड लाख बघून तो बाहेर पडला आणि लिहिता झाला : "एकूण दहाच प्रती छापणार म्हणे, त्यातली ही तिसरी! उद्या अकरावी छापली तर मला काय कळणार? कोपऱ्यावरचा लॅबवाला दोनशेत काढून देईल." खाली हसरे चेहरे. वहिनीसुद्धा हसली.

हीच मंडळी मार्च 2025 मध्ये चित्रकार हुसेन यांची 'ग्राम यात्रा' न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे 1 कोटी 37 लाख डॉलरना गेली तेव्हा 'आपला पंढरपूरचा माणूस' म्हणून नाचत होती. आपला माणूस वारला तेव्हा कतारचा नागरिक होता, हे कोणी काढलं नाही. रंगाचा ब्रश असला की कला. कॅमेरा असला की बटण दाबणं.

मी जर्मनीत डुसेलडॉर्फला असतो. छायाचित्रकार आन्द्रेआस गुर्स्कीने 'ऱ्हाइन II' हा फोटो ऱ्हाइन नदीच्या इथल्याच काठी केला, 1999 मध्ये. हिरवं गवत, करडं पाणी, करडं आभाळ, आडवे पट्टे. पलीकडच्या इमारती संगणकावर पुसलेल्या. सहा प्रती. त्यातली एक नोव्हेंबर 2011 मध्ये क्रिस्टीजमध्ये 43 लाख डॉलरना गेली. न्यूयॉर्कचं मोमा आणि लंडनचं टेट, या संग्रहालयांकडेही एकेक आहे. सातवी छापली, तर या सगळ्यांच्या भिंतीवरच्या मालाची किंमत एका रात्रीत पडेल, आणि गुर्स्कीची त्याआधी. आतेभावाला हे कोण सांगणार?

इथे लिलावाआधी माल बघायला ठेवतात, तेव्हा मी जातो. कॉफी फुकट असते, हेही एक कारण. फोटो मागवला की मुलगी हातमोजे घालून आधी तो उलटा करते. मागे पेन्सिलीने 4/15, सही, छापल्याचं साल, जुन्या गॅलरीचं पिवळं पडलेलं लेबल. मग दिव्याखाली तिरका धरून कोपऱ्यातला ओरखडा स्वतःहून दाखवते. विकणाऱ्याने आपणहून खोट दाखवावी, हे तुळशीबागेत वाढलेल्याला पचायला वेळ लागतो.

कायद्याचंही तेच. इथे फोटो चारशे युरोंच्या वर पुन्हा विकला गेला, तर छायाचित्रकाराला वाटा मिळतो, पहिल्या टप्प्यात चार टक्के. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने पुनर्विक्रीतल्या अशाच वाट्याचं कलम 53अ आलं. त्यात चित्र आहे, शिल्प आहे, रेखाटन आहे, हस्तलिखितसुद्धा आहे. फोटो नाही! म्हणजे संसदही आतेभावाच्याच पंगतीला.

त्याने मग कुठून तरी एगल्स्टन शोधून आणला. अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टनने मार्च 2012 मध्ये आपल्या फोटोंच्या छत्तीस मोठ्या डिजिटल प्रती लिलावात काढल्या, 59 लाख डॉलर आले. त्यातले काही फोटो जुन्या मर्यादित आवृत्तीतलेच. ती आवृत्ती घेऊन बसलेला संग्राहक कोर्टात गेला आणि पुढच्या वर्षी हरला. 'ही घे तुझी अकरावी प्रत,' आतेभाऊ म्हणाला. मी लिहिलं, आकार वेगळा, तंत्र वेगळं, आणि ते अमेरिकेत. शेवटचा मुद्दा लंगडा होता, पण तोवर रात्रीचे दोन वाजले होते.

ग्रुपवर न लिहिलेली गोष्ट वेगळीच आहे. मी इथे बोली लावली ती ऱ्हाइनसाठी नाही. कुणा जर्मन माणसाने ऐंशीच्या दशकात काढलेली गिरगावातली चाळ होती. कठड्यावर धोतर वाळतंय, खाली सायकल. समोर दुसरं कोणी नव्हतंच. वर आउफगेल्ड, म्हणजे लिलाववाल्यांचं कमिशन, भरलं आणि घरी आणून सोफ्यामागे लावली. जेवायला आलेले सहकारी विचारतात, हे तुझं घर का? मी हो म्हणतो. बायको स्वयंपाकघरात निघून जाते.

मी वाढलो अप्पा बळवंत चौकामागे, पुढे चिंचवडला एमआयडीसीच्या क्वार्टरमध्ये. तिसरा मजला, पत्र्याची पाण्याची टाकी, समोर तशीच दुसरी इमारत. तिचा फोटो कोणी काढला नाही. काढला असता, तरी एवढ्या लांब कोण घेऊन आलं असतं?