करंट सोडला की मेलेली नस जिवंत होते? नाही हो

एक व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, पॅरालिसिस झालेला माणूस चालतोय आणि खाली लिहिलंय: 'मणक्यात करंट सोडला की मेलेल्या नसा जिवंत होतात, करंट जितका जास्त तितकं लवकर बरं, मशीन बंद केलं की सगळं संपलं.' माणूस चालतोय ते खरंय, पण खालचं कॅप्शन गंडलंय.

आधी मेलेल्या नसा. तुटलेला तंतू करंटने सांधला जात नाही. इलेक्ट्रोड बसवतात मज्जारज्जूच्या आवरणावर, आणि तिथून सगळ्यात आधी चेततात ते पाठीमागून आत शिरणारे जाड संवेदी तंतू, कारण तंतू जाड असेल तर त्याला बाहेरून चेतवायला कमी करंट पुरतो. ते आत जाऊन मोटर न्यूरॉनला, म्हणजे स्नायूला हुकूम देणाऱ्या चेतापेशीला, ढोसतात, मग उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास निवांत बसलेला तो न्यूरॉन फायर होण्याच्या, म्हणजे सिग्नल सोडण्याच्या, काठावर येतो, आणि इजेतून वाचलेल्या चार तंतूंमधून मेंदूची जी क्षीण ऑर्डर एरवी वाया जायची ती आता लागू पडते. म्हणूनच २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या टीमने रिपोर्ट केलेला पेशंट पाय हलवायचा तो स्टिम्युलेशन, म्हणजे हा करंट, चालू असतानाच, तेही महिनोन्महिने ट्रेनिंग करून.

'जितका जास्त तितकं बरं' हे तर उलटंच आहे. मशीन करंट देतं ते छोट्या छोट्या झटक्यांनी, म्हणजे पल्सने, आणि त्यातून चेतलेला सिग्नल तंतूत दोन्हीकडे धावतो. उलट्या दिशेने, पायाकडे निघालेला सिग्नल पायाकडून येणाऱ्या खऱ्या सिग्नलला वाटेत धडकतो आणि दोघेही तिथेच विझतात, कारण नुकताच फायर झालेला तंतू क्षणभर पुन्हा फायर होऊच शकत नाही. स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या टीमने २०१८ मध्ये हे दाखवलं, सतत स्टिम्युलेशन दिलं की पेशंटला आपला पाय नेमका कुठेय हेच कळेना. म्हणून ते पावलाच्या टायमिंगनुसार, हव्या त्या जागी, तेवढ्यापुरतेच पल्स देतात.

राहिलं 'बंद केलं की संपलं'. बेशुद्ध केलेल्या उंदरांवर संशोधक एल्झ्बिएता यान्कोव्स्का यांनी पल्स नाही तर सलग एकाच दिशेने वाहणारा डीसी करंट वापरला, जेमतेम मिनिटभर, आणि कॅथोडखालच्या (ऋण इलेक्ट्रोडखालच्या) तंतूंची एक्साइटेबिलिटी, म्हणजे सहज फायर होण्याची तयारी, करंट बंद केल्यावरही बराच वेळ वाढलेलीच राहिली (डीसीचा हा निकाल पल्सवाल्या मशीनला सरळ चिकटवू नका, प्रकार वेगळा आहे). माणसांचं म्हणाल तर लोझानच्याच २०१८ च्या ट्रायलमधले पेशंट काही महिन्यांच्या ट्रेनिंगनंतर, आधी लुळे पडलेले काही स्नायू मशीन बंद असतानाही हलवायला लागले होते.