दोन टक्के व्याज आणि एक अट

नमस्कार. १९४५ च्या अमेरिका-ब्रिटन कर्जावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याला दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं नाही. तुमचे मुख्य मुद्दे दोन. ३७५ कोटी डॉलर, व्याज अवघं २ टक्के, फेड ५० वार्षिक हप्त्यांत आणि तीही १९५१ पासून; असं कर्ज म्हणजे निव्वळ मेहेरबानी, आणि मी म्हणतो अमेरिकेने ब्रिटनला कोंडीत पकडलं. दुसरा मुद्दा असा की, ज्यांनी आपल्याला दीडशे वर्षं लुटलं त्यांची कीव आपण का करायची?

व्याजाबद्दल माझा तुमच्याशी वाद नाही. तुमच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगतो. युद्धकाळात लेंड-लीजखाली, म्हणजे मित्रराष्ट्रांना रोख पैसे न घेता माल पुरवायच्या अमेरिकन योजनेखाली, ब्रिटनला गेलेल्या सुमारे २००० कोटी डॉलरच्या मालाचा हिशेब अमेरिकेने ६५ कोटींत मिटवला. ही सूट व्याजाच्या सवलतीपेक्षा कितीतरी मोठी होती.

पण या कराराचा खरा भार व्याजात नव्हता, अटीत होता. कर्ज लागू झाल्यापासून वर्षभरात ब्रिटनने पौंड खुला करायचा, म्हणजे चालू व्यापारात ज्याच्या हाती पौंड येतील त्याने मागितल्यास त्याला डॉलर मोजायचे. याचा अर्थ नीट बघा. अर्जेंटिना ब्रिटनला मांस विकून पौंड घेत असे. आता तेच पौंड पुढे करून तो डॉलर मागू शकत होता. आणि मागणार नाही तर काय? युरोप बेचिराख, जपान बेचिराख. यंत्रं, गहू, पोलाद, सगळं काही होतं एकट्या अमेरिकेकडे. प्रत्येकाला डॉलरच हवे होते.

१५ जुलै १९४७ ला पौंड खुला झाला. २० ऑगस्टला ब्रिटनला तो पुन्हा बंद करावा लागला. त्या पाच-सव्वापाच आठवड्यांत डॉलर असे वाहून गेले की अर्थमंत्री ह्यू डाल्टन हतबल झाले. काही वर्षं पुरावं म्हणून घेतलेलं कर्ज वर्षभरात जवळजवळ संपलं. कर्जाच्या अटीनेच कर्ज खाल्लं, आणि हप्ते मात्र पुढची साठेक वर्षं मागे लागले. याला मी मेहेरबानी म्हणू शकत नाही.

मग घेतलंच कशाला, असं तुम्ही विचारता. कारण दुसरा दरवाजा नव्हता. जपानच्या शरणागतीला जेमतेम आठवडा होतो न होतो तोच अमेरिकेने लेंड-लीज थांबवल्याचं जाहीर केलं. ब्रिटनच्या वतीने अर्थतज्ज्ञ केन्स वॉशिंग्टनला गेले ते अनुदान, निदान बिनव्याजी कर्ज मिळेल या आशेने. तीन महिने वाटाघाटी करून हाती आलं ते हे. ब्रिटनमध्ये महायुद्धाच्या सहा वर्षांत पावाला कधी रेशन लागलं नव्हतं. ते लागलं शांततेच्या काळात, २१ जुलै १९४६ ला, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कर्जाच्या कायद्यावर सही केली त्याच आठवड्यात. ज्या देशात पाव कार्डावर मिळतो, तो अटींवर किती घासाघीस करणार?

वॉशिंग्टनची बाजू नव्हती असं नाही. सिनेटमध्ये हे कर्ज ४६ विरुद्ध ३४ मतांनी मंजूर झालं. आमच्या करातून ब्रिटनचं समाजवादी सरकार आणि साम्राज्य कशाला पोसायचं, असं विचारणारे तिथे पुष्कळ होते. कनिष्ठ सभागृहात ते निभावलं त्यात सोव्हिएत रशियाच्या धास्तीचा वाटा मोठा होता. त्यामुळे व्हिन्सन आणि क्लेटन या अमेरिकन वाटाघाटीकारांना फार ढील देता येणार नव्हती, हे मला समजतं. पण साम्राज्यांतर्गत व्यापार-सवलती मोडून ब्रिटिश बाजारपेठा अमेरिकन मालाला खुल्या करायच्या, हा हेतूही तितकाच उघड होता.

आता कीवेचं. मी कीव केलेली नाही, आणि हा विषय परक्यांचा आहे असंही मला वाटत नाही. त्या काळात ब्रिटनवर जी देणी होती त्यांत सर्वांत मोठं देणं भारताचं होतं. युद्धासाठी इथून धान्य, कापड, माणसं गेली, त्याबदल्यात लंडनच्या वहीत आपल्या नावावर पौंड चढत राहिले. स्वातंत्र्याच्या वेळी ही रक्कम ११० कोटी पौंडांच्या वर होती. तिकडे बंगालमध्ये माणसं भुकेने मेली आणि इकडे आपण सावकार ठरलो! १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय चलन परिषदेत भारताच्या शिष्टमंडळाने हा प्रश्न मांडला, त्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. १९४५ च्या करारात अपेक्षा अशी लिहिली गेली की, भारतासारख्या धनको देशांनी आपल्या येण्यातला काही भाग सोडावा. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये दोघे बसून आपल्या पैशाचं काय करायचं ते ठरवत होते, आणि आपण त्या खोलीत नव्हतो. ती सूट भारताने दिली नाही, पण पैसे गोठलेलेच राहिले आणि पुढे टप्प्याटप्प्याने सुटले. तेव्हा ब्रिटनच्या कोंडीचे चटके आपल्यालाही बसले.

सुएझबद्दल, म्हणजे इजिप्तने सुएझ कालवा ताब्यात घेतल्यावर ब्रिटनने तिथे सैन्य उतरवलं त्याबद्दल, मी दोनच ओळी लिहिल्या, ही तुमची तक्रार रास्त आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये पौंड घसरणीला लागला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून पैसे उचलायला अमेरिकेचा हिरवा कंदील हवा होता, आणि आयझेनहॉवर सरकारचं म्हणणं एकच: आधी सैन्य मागे घ्या. डिसेंबरमध्ये सैन्य निघालं, नाणेनिधीची मदत मंजूर झाली. त्याच महिन्यात १९४५ च्या कर्जाचा हप्ताही ब्रिटनने भरला नाही. १९५७ मध्ये करार दुरुस्त करून काही हप्ते पुढे ढकलायची मुभा घेतली, आणि ती एकूण सहा वेळा वापरली. म्हणूनच शेवटचा हप्ता फिटायला २००६ चा डिसेंबर उजाडला.