भोक कुठं हाय ते आपल्याला ठाव हाय

आज दुपारी चर्चच्या हॉलमधून घरी आले ती तणतणतच. चपला काढायच्या आधीच लिहायला बसणार होते, मग म्हटलं चहा घ्यावा, डोकं शांत होईल. चहा झाला. डोकं आहे तिथंच आहे. तेव्हा लिहितेच.

झालं असं. राखेच्या बुधवारपासून आपला उपवासकाळ, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, सुरू आहे. यंदा आमच्या तरुण संघाच्या मुलांनी मोबाईलवरून एक कल्पना आणली, चाळीस दिवस चाळीस वस्तू. रोज घरातली एक वस्तू बाजूला काढायची आणि चर्चला आणून द्यायची, गरजूंना वाटायला. पाळकसाहेबांनी त्यावर उपदेशही केला. साधेपणा ही प्रार्थनेसारखी, उपवासासारखी शिस्त आहे, एका दिवसात येत नाही, रोज अंगाला लावून घ्यावी लागते. उपदेश चांगला होता, खोटं कशाला बोलू. मी घरी येऊन शेजारणीला अर्धा सांगितला सुद्धा.

आज त्या वस्तूंची निवडानिवड करायला महिला मंडळाला बोलावलं होतं. हॉलमध्ये सतरंज्या अंथरून त्यावर ढीग. पातं नसलेलं मिक्सरचं भांडं. डाव्या पायाची सँडल, उजवीचा पत्ता नाही. चेन तुटलेली चार दप्तरं. कुबट वासाची उशी. 'हॅपी बर्थडे'ची भिंतीवर लटकवायची अक्षरं, त्यातला एक 'पी' गायब. एका सद्गृहस्थांनी २०१९ सालच्या डायऱ्या दिल्यात, सात. गरिबांना ते साल परत एकदा जगायची हौस असेल असं वाटलं की काय त्यांना!

आवारात झाडायला येणारी बाई दाराशी उभी होती. मी म्हटलं, ये गं, आधी तू बघ, काय पाहिजे ते घे. तिनं खराटा भिंतीला टेकवला, आत आली, ढिगाभोवती एक चक्कर मारली. एक फ्रॉक उचलला, उजेडाला धरून बघितला, घडी घातली आणि परत ठेवला. बघा, घडी घालून ठेवला. आम्ही तर सगळं नुसतं ओतलं होतं. आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. असलं आमच्याकडं बी हाय."

गेली झाडायला.

आता तुम्हीच सांगा. गेले तीन आठवडे आपल्या लोकांचे स्टेटस बघतेय मी. कपाटाचा आधीचा फोटो, नंतरचा फोटो, खाली 'खूप हलकं वाटतंय, देवाची स्तुती असो'. हलकं वाटणारच! तुमचं ओझं आमच्या सतरंजीवर येऊन पडलंय. कचरा उचलायला महापालिकेची घंटागाडी येते, तिच्यासाठी चाळीस दिवस उपवास धरायची काय गरज? ख्रिस्ताचं नाव कशाला मध्ये घेता?

त्या बाईचं वाक्य ऐकलं आणि मला एकदम आजी आठवली. आजीची ती चादर.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. मी आठ वर्षांची. आजोबा मिलमध्ये, आजी मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला. घर दोन खोल्यांचं. मिलच्या भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. ताटात त्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, थापताना तुटायची, गिळताना टोचायची. आणि त्या सालात आजोबांनी, का कोण जाणे, साखर पेठेतल्या एका मागवाल्याकडून हप्त्यानं चादर घेतली. लाल जमिनीवर पांढरी फुलं. उलटी केली की पांढऱ्या जमिनीवर लाल फुलं. सोलापुरी चादरीला उलटी बाजू अशी नसतेच, दोन्ही सुलट्याच. मला ती जादू वाटायची. मी रोज रात्री ठरवायची, आज कुठली फुलं वर.

एका संध्याकाळी मंगळवेढ्याकडची एक बाई दारात आली. कडेवर पोर. खडी फोडायच्या कामावर निघाली होती. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार म्हणतात ना? त्या कोठारातली बाई आमच्याकडे भाकरी मागत होती. आजीनं दिली. ओटीवर निजायला जागा दिली. थंडीचे दिवस होते, आणि घरात चादरी दोनच. एक ही नवी, दुसरी जुनी, पायाशी भोक पडलेली. आजीनं नवी काढून तिच्या अंगावर घातली. सकाळी ती घडी करून परत द्यायला लागली तर आजी म्हणाली, ने, पुढं लागंल.

मी भोकाड पसरलं. जुनी का नाही दिली म्हणून पाय आपटले. आजी भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "जुनीचं भोक कुठं हाय ते आपल्याला ठाव हाय. तिला कुठं ठाव हाय?"

बस. वचन नाही, उपदेश नाही. पुढं सगळी थंडी माझा पायाचा अंगठा रोज रात्री त्या भोकात जायचा आणि मी रोज रात्री त्या बाईला मनातल्या मनात शिव्या द्यायची.

आता लगेच कमेंटमध्ये 'किती थोर आजी' लिहू नका. थोर बिर काही नव्हती. नळावर भांडायची, तेही पहिला नंबर घेऊन. आणि तिच्याइतका पसारा मी कुठल्या घरात बघितला नाही. डालड्याचे चौदा डबे. पुड्यांचा सुतळीदोरा सोडवून केलेला गुंडा, नारळाएवढा. बिनदांड्याचे कप. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, हिशोबाला. आजच्या मुलांनी तिची खोली बघितली असती तर चाळीस नाही, चारशे वस्तू काढल्या असत्या. मोकळ्या भिंती, पांढरे पडदे आणि कोपऱ्यात एक कुंडी, असला साधेपणा तिच्या आसपासही नव्हता. तो परवडतोही कोणाला? ज्याला लागेल तेव्हा परत विकत घेता येतं, त्याला. आजीनं डबा टाकला असता तर दुसरा कुठून आणणार होती?

पण मूठ सैल होती. डालड्याच्या डब्यांवर घट्ट, चादरीवर सैल. हे गणित मला अजून पुरतं सुटलेलं नाही.

बरं, घरात पसारा नसावा हे मला मान्य आहे. माझ्या माळ्यावर काय काय आहे ते मलाच माहीत नाही.

शास्त्रात काय आहे ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. रानातली भूकमळे, म्हणजे रानफुलं, कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत, हे आपण संडेस्कूलमध्ये घोकलंय. (सूतगिरण्यांच्या गावात हे वचन ऐकताना मला लहानपणी फार मजा वाटायची. भूकमळं मिलमध्ये जात नाहीत!) मोशेच्या लोकांसाठी अरण्यात आकाशातून मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, पडायचा, माणशी ओमरभर, म्हणजे एक मापभर, गोळा करायचा, आणि ज्यांनी सकाळपर्यंत ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. आता साठवू नका म्हणणं सोपं आहे, सोलापुरात येऊन सांगा. इथे नळाला पाणी दिवसाआड सुद्धा येत नाही, पिंपं भरून ठेवली नाहीत तर आंघोळीचे वांधे. उजनीच्या पाण्याच्या बाबतीत मोशेनेही आम्हाला सूट दिली असती.

पण ज्या वचनावर मी अडते ते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं. ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने, ज्याला नाही त्याला एक द्यावा. कुठला, ते लिहिलेलं नाही. जुना की नवा? आपण सगळ्यांनी आपापल्या सोयीने जुना वाचलं. आजीला वाचताच येत नव्हतं, तिनं नवा ऐकलं.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही, कोणाला राग आला तर येऊ दे. साधेपणाचे उपदेश आपल्यात नेहमी खालच्या अंगाला वाहत येतात. आपली बरीचशी माणसं दुष्काळातून, गावकुसाबाहेरून आलेली. आमच्या आजोबांकडे एकच कोट होता. परवा चर्चमध्ये उभं राहून आपला अनुभव सांगताना, साक्षीत, कोणीतरी 'पूर्वीची माणसं किती साधी राहायची' म्हणाले तेव्हा मला उठून सांगावंसं वाटलं, अहो, ती शिस्त नव्हती, तो पगार होता. निवडायला दोन कोट असते तर साधेपणाचा प्रश्न आला असता. ज्याच्यापुढे निवड नाही त्याला साधेपणा शिकवू नका. आधी 'आमची रोजची भाकर' त्याच्या ताटात पडू दे.

निवड असून ज्यांनी साधं राहून दाखवलं त्यांच्यापुढे मात्र मी गप्प होते. पंडिता रमाबाई. केडगाव आपल्याच लाईनवर आहे, पुण्याला जाताना दौंड सोडलं की लागतं. विलायत, अमेरिका बघून आलेली, संस्कृतची पंडिता, आणि दुष्काळातल्या मुलींना गोळा करून त्यांच्यातच साध्या पांढऱ्या लुगड्यात राहिली, १९२२ ला जाईपर्यंत. किंवा मेथडिस्ट पंथ सुरू करणारा इंग्रज पाळक जॉन वेस्ली. साल्याला, माफ करा, त्या माणसाला ३० पौंड मिळायचे तेव्हा २८ मध्ये भागवून २ द्यायचा. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी खर्च २८, दिले ३२. ९० झाले तरी खर्च २८. मी पेन्शनर बाई, हिशोब मला कळतो. माझा २८ चा आकडा दर वेतन आयोगाला वर सरकत गेला. पाचव्यात फ्रिज, सहाव्यात दुसरं कपाट, सातव्यात त्या कपाटावर ठेवायला बॅगा. दिले मात्र कायम २.

आणि हो, टिळक. रेव्हरंड नारायण वामन. १९१७ ला मिशनचा पगार सोडून साताऱ्यात देवाचा दरबार काढला. त्यांची भजनं गाताना मला अजून भरून येतं. पण त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, लिहून ठेवलंय ते वाचा. हे हाताला येईल ते देऊन मोकळे, आणि उद्या चुलीवर काय चढवायचं त्याचा घोर हिला. नवऱ्याचा त्याग बायकोच्या डब्यातून निघतो, हे आपल्या वेदीवरून कधी कोणी बोलणार नाही. चादर आजीनं दिली, पण हप्ते आजोबांनी फेडले, हेही आत्ता लिहिता लिहिताच सुचतंय. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. का बोलले नाहीत ते विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

बराच वेळ लिहितेय. राग जरा खाली आलाय, म्हणून उरलेलं सांगून टाकते. ते सांगायचं नव्हतं.

ती झाडणारी बाई गेल्यावर आम्ही पुन्हा निवडायला बसलो. माझ्या शेजारच्या बाईंनी एक साडी काढली. नारायणपेठी, मोरपंखी, घडी अशी कडक की दुकानातून आणल्यासारखी. 'ही बघा, कोणीतरी चांगली दिली हो!' म्हणून त्यांनी उलगडली. पदराच्या आत, बरोबर मधे, इस्त्रीचा डाग. तिकोनी, तपकिरी, बुडाच्या आकाराचा. "अगं बाई! आणि घडी कशी घातलीये बघा, डाग आत. कोणी दिली असेल?"

तरुण संघाचा एक मुलगा म्हणाला, "बाई, नावं लिहिलेत की पिशव्यांवर, बघू का?"

मी म्हटलं, राहू दे रे, कशाला कोणाला लाजवायचं.

ती माझी साडी होती. घडी मी घातलेली. मंगळवारी रात्री, भजन गुणगुणत, डाग आत जाईल अशी तीनदा बदलून घातली होती. भोक कुठंय ते मला ठाव होतं, आणि ते दुसऱ्या कोणाला ठाव होऊ नये याचीच मी खबरदारी घेतली होती.

पिशवी घेऊन आले परत. इथं शेजारी ठेवलीय.

कपाट उघडून बसलेय आता. खालच्या कप्प्यात दोन नव्या चादरी आहेत, पाहुण्यांसाठी. पाहुणे येतात, हॉटेलवर उतरतात. एक निळी, एक लाल, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढलेल्या नाहीत. लाल काढून पलंगावर ठेवली. लगेच मनात आलं, मार्च महिना, ऊन चाळिशीकडे चाललंय, उन्हाळ्यात चादर कोणाला देतेस? थंडीत देऊ. मग आलं, तिला चादर पाहिजे हे तरी कशावरून, तू विचारलंस का? मग आलं, निळी दे. लाल अंगावर जास्त खुलते.

ती सोमवारी सकाळी सातला येते झाडायला.

लाल पलंगावर आहे. प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. नळाला पाणी आलंय, आवाज येतोय. पिंपं भरून येते.