स्टिंगलीच्या कोऱ्या पाटीबद्दल

अमेरिकन फुटबॉलमधला कॉर्नर (पास झेलणाऱ्या रिसिव्हरला अडवणारा बचावपटू) डेरेक स्टिंगली याची निवड बरोबरच होती, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘कॉलेजच्या शेवटच्या दोन हंगामांत एकही इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं) नाही, वर पायाचं दुखणं. अशा डेरेक स्टिंगलीला ह्यूस्टन संघाने २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात, त्यात) तिसऱ्या क्रमांकावर घेतलं ते बरोबरच, हे आता सांगणं म्हणजे निकाल लागल्यावर पेपर सोडवणं.’

टोला झकास बसला! म्हणून तो २०२४ मध्ये ऑल-प्रो झाला (लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला) हे बाजूलाच ठेवू. एप्रिल २०२२ मध्ये काय दिसत होतं, तेवढंच बोलू.

एलएसयू या लुईझियानाच्या विद्यापीठाकडून २०१९ मध्ये, पहिल्याच वर्षी, सहा इंटरसेप्शन. पुढे पाटी कोरी. पण इंटरसेप्शन मिळायला आधी चेंडू आपल्या अंगावर यावा लागतो, आणि एकदा हात पोळले की क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारे, तिकडे फेकायचं टाळतात. पॉइंटला जडेजा उभा असताना एकेरी धाव चोरायला कोण जातं?

म्हणून मी फिल्म बघतो, तीही चेंडू दुसरीकडे गेलेल्या खेळींची. रिसिव्हर अचानक वळला की कॉर्नरची कंबर त्याच्यासोबत वळते, की दोन पावलं वाया जातात? आणि हात कुठे आहेत? कॉलेजात चेंडू हवेत जाईपर्यंत रिसिव्हरला रेटलं तरी चालून जातं. एनएफएलमध्ये पाच यार्डांपुढे तेच केलं की पंचाचा पिवळा झेंडा, म्हणजे दंड, आणि समोरच्याला आयता फर्स्ट डाऊन, म्हणजे पुन्हा नव्याने चार प्रयत्न. कॉलेजात दांडगाईवर निभावलेले कितीतरी कॉर्नर इथेच उघडे पडतात. स्टिंगली रेटारेटीवर जगणारा नव्हता, त्याचं सगळं पायांत होतं.

शर्यतीच्या वेळेवरही माझी भिस्त नाही. कॉर्नर जस्टिन गिल्बर्ट ४० यार्ड ४.३७ सेकंदांत धावला, २०१४ मध्ये क्लीव्हलंडने त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं आणि दोन हंगामांनंतर वाटेला लावलं. उलट रिचर्ड शर्मन. स्टॅनफर्डमध्ये आधी रिसिव्हर, मग कॉर्नर, २०११ मध्ये निवड थेट १५४ वी. आणि २०१३ मध्ये लीगमधली सर्वाधिक, आठ इंटरसेप्शन त्याचीच.

पायाच्या दुखण्याबाबत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. मी ते एका वाक्यात उरकलं होतं. २०२१ मध्ये तीनच सामने आणि मग शस्त्रक्रिया. ज्याचं सगळं पायांत, त्याचाच पाय. शिवाय २०२० च्या फिल्ममध्ये टॅकलच्या, म्हणजे चेंडूवाल्याला पाडायच्या, वेळी तो अंग चोरताना दिसतो, हेही लिहायचं राहिलं.

आणि खरं सांगू? लगेच पुढच्या, चौथ्या क्रमांकावर न्यूयॉर्कच्या जेट्स संघाने सॉस गार्डनर हा कॉर्नर घेतला. सिनसिनाटी विद्यापीठाच्या अख्ख्या कारकिर्दीत तो अडवत असलेल्या रिसिव्हरला एकही टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारा) झेलता आला नव्हता. त्या दिवशी निवड माझ्या हातात असती, तर स्टिंगलीचा पाय बघून मीही गार्डनरच घेतला असता. लेखाखाली तशी टीप आज जोडतो.