आजोबांच्या दुनळीची मूठ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुठीवरून जुनी शॉटगन ओळखण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुठीवरून (चापामागे हातात धरायच्या दस्त्याच्या भागावरून) जुनी शॉटगन ओळखणं म्हणजे पत्रिका बघून स्वभाव सांगणं. ‘सरळ मूठ इंग्लिश, वळणदार मूठ अमेरिकन’ हे सूत्र तुमच्या आजोबांच्या बर्मिंगहॅमच्या दुनळीनेच खोटं ठरवलंय, कारण तिची मूठ वळणदार आहे. आणि नंबर व प्रूफचे, म्हणजे नळीच्या चाचणीचे, ठसे लोखंडावर असताना लाकूड बघत बसायचं कशाला?

सूत्राचं म्हणाल तर ते माझ्या लेखात नाहीच. इंग्लिश दुनळ्यांना सरळ मूठ जास्त दिसते त्याचं कारण दोन चाप. पुढचा चाप सहसा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. पहिला बार झाला की हात थोडा मागे सरकवावा लागतो आणि सरळ मुठीवरून तो अलगद सरकतो. हाकाऱ्यांनी उठवलेले पक्षी डोक्यावरून निघालेले असताना एवढंसं सरकणंही कामाचं असतं. लंडनच्या बंदुका बनवणाऱ्या बॉस अँड कंपनीच्या जॉन रॉबर्टसनने १८९४ मध्ये एकाच चापाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही गरज कमी झाली. तरी बॉसच्या कितीतरी एकचापी बंदुकांची मूठ सरळच आहे. गिऱ्हाइकाच्या हाताला लागलेली सवय, दुसरं काय!

आता उलट बाजू. इंग्लिश दुनळी रायफलला चाप दोन, तरी मूठ पिस्तुली, म्हणजे पिस्तुलासारखी खाली वळलेली. तिथे धक्का जबरदस्त, त्यामुळे पकड घट्ट हवी. पाणपक्ष्यांसाठीच्या जड बंदुका आणि कबुतरांवरच्या स्पर्धांच्या बंदुका यांनाही अर्धी किंवा पूर्ण पिस्तुली मूठ बऱ्याचदा असायची. (लंडनचा हर्लिंगहॅम क्लब १८६९ मध्ये कबुतरांवरच्या याच नेमबाजीसाठी निघाला, म्हणून त्याच्या चिन्हावर आजही कबूतर आहे.) तेव्हा तुमच्या आजोबांची दुनळी अपवाद वगैरे काही नाही. तिकडे अमेरिकेत मेरिडनचे बंदुका बनवणारे पार्कर बंधू मागणीप्रमाणे सरळ मूठही देत होते.

अर्धी पिस्तुली आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हे एकच, असं तुम्ही म्हणता. दुकानदार तसं म्हणतात खरं, पण बोटांना फरक कळतो. प्रिन्स ऑफ वेल्सचं वळण लांब आणि सैल, खालचं टोक गोलसर होऊन दस्त्याच्या पोटात मिसळून जातं, आणि त्यावर टोपी नसते. अर्ध्या पिस्तुलीला मात्र सहसा संपण्याची जागा दिसते, लहानशी का होईना. पूर्ण पिस्तुलीचं वळण आवळलेलं, टोक सपाट आणि त्यावर शिंगाची, एबोनाइटची (कडक रबराची) किंवा पोलादी टोपी.

खरी गंमत तुमच्या शेवटच्या प्रश्नात आहे. नंबर लोखंडाचा जन्म सांगतो, प्रूफचा ठसा नळीची परीक्षा सांगतो. लाकडाबद्दल दोन्ही गप्प. दस्ते तडकतात, बदलले जातात. पिस्तुली मूठ तासून सरळ केलेल्या बंदुका बाजारात भरपूर आहेत, कारण तासणं सोपं. सरळ मुठीची पिस्तुली करायची तर लाकूड जोडावं लागतं, आणि तो सांधा बहुतेक वेळा चेकरिंगच्या, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या चौकोनी, जाळीखाली लपवतात.

म्हणून बंदूक उलटी करून ट्रिगर गार्डची (चापाभोवतीच्या कड्याची) मागची पट्टी बघायची. सरळ मुठीवर ती लांब, सरळ आणि लाकडात सपाट बसलेली असते. पिस्तुलीवर ती वळणाबरोबर वाकते. मूठ तासलेली असेल तर पट्टी सरळ करताना तिच्यावरची नक्षी कुठेतरी बिघडते, नाहीतर पट्टी आखूड पडून मागे भरलेलं लाकूड दिसतं. बऱ्याच इंग्लिश बंदुकांचा नंबर याच पट्टीवर कोरलेला असतो, तो अ‍ॅक्शनवरच्या (नळ्यांमागच्या यंत्रणेवरच्या) नंबराशी ताडून बघा. मग पुढच्या, म्हणजे नळ्यांखालच्या, लाकडावरची जाळी. तिथले चौकोन झिजून बोथट झालेत, फटींत काळा मळ बसलाय, आणि मुठीवरचे मात्र बोटाला टोचतात? मग मुठीवर नंतर हात फिरलाय. एवढं तरी नक्की.

काही ठिकाणी तर मूठ थेट काळ सांगते. ब्राउनिंग ऑटो-५ या एकनळी, आपोआप भरणाऱ्या शॉटगनची बेल्जियममधली मूठ आधी गोल टोकाची होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती सपाट झाली आणि १९७६ च्या सुमारास उत्पादन जपानमध्ये मिरोकू कंपनीकडे गेल्यावर पुन्हा गोल. पत्रिका म्हणा हवं तर, पण ही जुळते.

‘कशाला’ हे विचारण्याचे दिवसही आता राहिले नाहीत. भारतात शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावरच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि वारशाच्या बंदुका असलेल्या घरांत कुठली ठेवायची, कुठली सोडायची हे ठरवावं लागलं. अशा वेळी मूळ दस्त्याची दुनळी ‘जुनं लाकूड’ म्हणून जाऊ नये एवढंच.

तुमच्या दुनळीचे फोटो जरूर पाठवा. आधी ती उघडून रिकामी असल्याची खात्री करा. फोटो नळ्यांचे नकोत: एक गार्डच्या पट्टीचा खालून, एक मुठीच्या टोकाचा बाजूने आणि एक पुढच्या लाकडाचा, तिन्ही दिवसाच्या उजेडात. नंबर झाकून पाठवलात तरी चालेल.